आंबोली ते वेंगुर्ले, भाडं एका दिवसाचं

फोनवर पार्टीचा पहिला प्रश्न पैशांचा नसतो. "एका दिवसात धबधबा आणि समुद्र दोन्ही होतील ना?" हा असतो. मी हो म्हटलं की व्हॉट्सअ‍ॅपवर यादी येते. आंबोलीचा मुख्य धबधबा, नांगरतास, हिरण्यकेशी, कावळेसाद, सावंतवाडीचा राजवाडा, वेंगुर्ले, शिरोडा, रेडी आणि "जमलं तर" सिंधुदुर्ग किल्ला. मी सावंतवाडीत राहतो. पिवळ्या पाटीची स्वतःची गाडी आहे, ती मीच चालवतो आणि वाटेतली माहितीही मीच सांगतो. कोणी गोव्यातल्या हॉटेलातून बोलावतं, कोणी बेळगाव-कोल्हापूरहून येऊन आदल्या रात्री सावंतवाडीत मुक्कामाला असतं. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून थेट विमानातून उतरून "चला" म्हणणारेही असतात.

यादी आली की मी आधी मालवणचा तो किल्ला कापतो. वेंगुर्ल्याहून मालवण पन्नासेक किलोमीटर. जाऊन येऊन आणि तिथे थांबून अर्धा दिवस संपतो, हे एक. दुसरं असं की धबधब्यासाठी लोक येतात ते जून-जुलैत, आणि मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात. १६६४ मध्ये कुरटे बेटावर ज्या किल्ल्याचं काम महाराजांनी सुरू केलं, तो मालवणच्या धक्क्यावरून समोर दिसतो, पण मधल्या पाण्यात कोणी होडी घालत नाही. हे सांगितलं की काही जण म्हणतात, "मग लांबून बघू." लांबून बघण्यासाठी शंभर किलोमीटरचं डिझेल जाळायला मी ना म्हणत नाही, पैसे त्यांचे आहेत. फक्त मग हिरण्यकेशी सोडावी लागेल, शिरोडाही सोडावा लागेल, हे आधीच सांगून ठेवतो. बहुतेक वेळा मालवण मागे पडतं.

या धंद्यात पडल्यावर एक गोष्ट हळूहळू माझ्या ध्यानात आली, आणि आता प्रत्येक भाड्याची आखणी मी तिच्याभोवतीच करतो. आंबोलीचे धबधबे नदीचे नव्हेत, पावसाचे आहेत. वर जांभ्याचा सडा पसरलेला. त्यावर माती बोटभर. पडलेलं पाणी मुरायला जागा नाही, ते कडेला येतं आणि खाली उडी घेतं. तिथे वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पाऊस ओसरला की धारा बारीक होतात, दिवाळीनंतर जागोजाग नुसता काळा कातळ उरतो. किनाऱ्याचं सगळं याच्या उलट. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी, लहान होड्या वाळूवर ओढून झापांनी शाकारलेल्या. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की मग हळूहळू बंदरं जागी होतात. म्हणजे घाट जागा असतो तेव्हा बंदर निजलेलं, आणि बंदर जागं होतं तेव्हा घाट वाळायला लागतो. माणसांना दोन्ही जागं एकाच दिवशी हवं असतं.

तसे दिवस वर्षात थोडे आहेत. चवथ आटोपल्यापासून दसऱ्यापर्यंत. सड्यावर रानफुलं असतात, धबधब्याला बेताचं पण स्वच्छ पाणी असतं, वेंगुर्ल्याच्या बाजारात ताजा बांगडा आलेला असतो. मला विचाराल तर भाडं करावं ते तेव्हाच. चवथीत मात्र मी गाडी बाहेर काढत नाही, कोणी दुप्पट दिले तरी नाही. घरी गणपती असतो आणि रस्त्यावर मुंबई. पण लोकांना फोन करायची आठवण होते ती जुलैत, कोणीतरी भर पावसातला व्हिडिओ पाठवल्यावर. तेव्हा धंदा जुलैतच होतो.

जुलैतल्या भाड्याला मी पहाटे सहाला गाडी काढतो. पार्टी कुरकुरते, सुट्टीच्या दिवशी एवढ्या लवकर कशाला म्हणून. शनिवार-रविवारी दहा वाजता आंबोली घाटात काय असतं ते ज्याने पाहिलं नाही त्यालाच हा प्रश्न पडतो. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधून एसटी जेमतेम निघते, धबधब्याच्या पायऱ्यांवर खांद्याला खांदा, आणि प्रत्येक टोळक्याचा आपापला स्पीकर. पाण्याचा आवाज ऐकायला आलेल्या माणसाला तो ऐकू येईल तर शपथ. पोलीस शिट्ट्या मारून दमतात. साडेसहाला तिथे पोचलं तर अख्खा धबधबा तुमचा, मक्याच्या कणसाची टपरीवाली नुकती शेगडी पेटवत असते. तिची माझी वर्षानुवर्षांची ओळख. मी गाडी लावली की ती आधी पाण्याकडे बघते आणि मग पार्टीकडे. एकदा पुण्याची पोरं पायऱ्या सोडून कातळावरून वर निघाली होती, ही बाई तिथूनच ओरडली, "रे बाबांनो, पाणी वाढता हा, वर चडू नकात!" पोरं हसली, पण उतरली. दहा मिनिटांनी जिथे पोरं उभी होती तिथून गढूळ पाण्याचा लोट खाली आला. पाण्याचा रंग बदलला की वर सड्यावर सर कोसळली असं समजायचं, खाली ऊन असलं तरीही. मी आता प्रत्येक पार्टीला गाडीतून उतरण्याआधी हे सांगतो, ती बाई मात्र सांगण्याआधी बघते.

भिजून आलेली माणसं गाडीत घ्यायची ही एक वेगळीच कला आहे. सीटांवर मी प्लास्टिकचे कागद घालतो, पायाखाली जुने पेपर, डिकीत जुने टॉवेल. तरी पाच ओली माणसं आत बसली की काचा आतून पांढऱ्या होतात. बाहेर धुकं, आत वाफ. अशा वेळी एसी लावायचा म्हटलं की मागून गारठलेली बाई म्हणते, "अहो, थंडी वाजतेय." थंडी वाजू दे, पण मला दरी दिसू दे. एसीशिवाय काच साफ होत नाही आणि घाटात समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे धुक्यात शेवटच्या क्षणाला दिसतात. दरडीची भीती असते ती वेगळी. डोंगराच्या बाजूने बारीक दगड रस्त्यावर आलेले दिसले की मी तिथे फोटोला थांबत नाही, कोणी कितीही गयावया केली तरी.

वर आंबोलीत चहा होतो आणि मी त्यांना हिरण्यकेशीला नेतो. धबधब्यासाठी आलेले लोक तिथे जायला नाखूश असतात, देवळात काय बघायचं म्हणून. गाडी लावून थोडं चालावं लागतं. देवळाच्या मागे गुहेतून पाणी येतं, समोरच्या कुंडात साठतं, पुढे ओढा होऊन जातं. या कुंडात एक लहानसा मासा सापडला, सोनेरीसर पिवळा, पाहिला तर बोटाएवढा. तो शास्त्राला नवा असल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं आणि त्याला नावही या नदीवरून दिलं गेलं. २०२१ मध्ये राज्य सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. कुंडात पाय सोडू नका असं मी सांगतो तेव्हा हे कारण देतो. देवाचं कारण दिलं तर निम्मे ऐकतात, माशाचं दिलं तर उरलेले निम्मे.

हिरण्यकेशीला नेण्याचं माझं खरं कारण मात्र वेगळं आहे. हे पाणी समुद्रापासून, सरळ रेषेत मोजलं तर, फार दूर नाही. पण ते समुद्राकडे वळत नाही. ते पूर्वेला जातं, घटप्रभेला मिळतं, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा सगळा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात. थोड्या वेळापूर्वी ज्या धबधब्याखाली उभे राहून ते भिजले, त्याचं पाणी मात्र पश्चिमेला उतरून अरबी समुद्रात. हे ऐकल्यावर लोक जरा गप्प होतात आणि मग कोणीतरी मोबाइलवर नकाशा उघडतं. तिथून पुढे गाडीतल्या गप्पांची तऱ्हाच बदलते. कुठला "स्पॉट" राहिला हे कमी विचारतात, हा रस्ता कुठून कुठे जातो हे जास्त.

आणि रस्त्याबद्दल मला सांगायला आवडतं. आंबोलीचा घाट कोणी धबधबे बघायला बांधलेला नाही. बेळगावला इंग्रजांची छावणी होती, तिला लागणारा माल समुद्रातून यायचा आणि त्या छावणीचं बंदर होतं वेंगुर्ले. आधी ही वाहतूक रामघाटातून चाले. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोलीचा, म्हणजे आजचा आंबोलीचा, गाडीरस्ता झाला. तेव्हा सावंतवाडी संस्थानात असलेल्या वेस्ट्रॉप नावाच्या पोलिटिकल एजंटाने वर गारव्यासाठी वसाहत उभी केली, आंबोली हवा खाण्याचं ठिकाण झालं ते तेव्हापासून. बंदरातून मीठ, नारळ, खारवलेली मासळी वर जायची, वरून धान्य, कापूस, गूळ खाली यायचा. बैलगाड्यांच्या रांगा. आज आपण ज्या वळणावर थांबून सेल्फी काढतो तिथे गाडीवान बैल सोडून बसत असतील असं मी म्हणतो, तेव्हा पोरं वळणाकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात.

पण त्या गाड्या पावसात चालत नसत. बंदरच बंद, मग माल कुठला? म्हणजे हा घाट पाण्याने फुललेला असताना या रस्त्यावर वर्दळच नसायची. धबधब्यांची गर्दी ही अगदी अलीकडची, जुन्या रस्त्याच्या दृष्टीने अवेळची.

सावंतवाडीत मी फार वेळ देत नाही. मोती तलावाला एक फेरी, राजवाडा, चितारआळीत लाकडी खेळणी. राजवाड्यात गंजिफा रंगवतात ते मात्र बघायला लावतो. दशावताराचा डाव १२० पत्त्यांचा, पत्ते गोल, प्रत्येक अवताराचे बारा. एवढं बघून जेवण. जेवणाच्या वेळी ठरलेला वाद होतो. जुलैत लोकांना ताजी सुरमई हवी असते. बंदीच्या दिवसांत ताजी सुरमई म्हणजे बर्फातली सुरमई, हे सांगितलं की हॉटेलवाला माझ्याकडे रागाने बघतो. मी खाडीचे मासे मिळतात का बघतो, नाहीतर सरळ टाकळ्याची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि सोलकढी मागवतो. पावसातलं कोकण पानात कसं असतं ते तेवढ्याने कळतं. तरी सुरमई मागवणारे मागवतातच.

वेंगुर्ल्याला पोचेपर्यंत तीन वाजतात. इथे पार्टीची निराशा होते, हे मी गृहीत धरलेलं असतं. ऐतिहासिक बंदर म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे तटबंदी, तोफा, तिकीटघर असं काहीतरी असतं. मी त्यांना गावातल्या डच वखारीपाशी उभं करतो. चिऱ्याच्या उंच भिंती, छप्पर कधीच गेलेलं, भिंतींतून झाडांची मुळं उतरलेली, पावसात शेवाळाने हिरवंगार झालेलं. पाटी आहे, पण ती वाचून फारसं काही कळत नाही. सांगावं लागतं. डच इथे १६३७ च्या सुमारास आले, ते पोर्तुगीजांच्या गोव्यावर डोळा ठेवायला. त्यांची गलबतं गोव्याची नाकेबंदी करून बसत तेव्हा त्यांना दाणापाणी वेंगुर्ल्याहून जाई. पुढे १८१२ मध्ये हे बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलं आणि मग तो बेळगावचा रस्ता. एक मोठं बंदर मोडलं कशाने, हे विचारणारा एखादाच निघतो. लढाईने नाही. १८८० च्या दशकाच्या शेवटी मुरगाव बंदरातून घाटावर रेल्वे गेली, बेळगावकडचा माल तिकडे वळला. बैलगाडी रेल्वेशी काय भांडणार?

माझ्या मते वेंगुर्ल्यातली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट वखार नव्हे, बंदरावरचा धक्का. आणि तो कसा बघायचा हे मला बेळगावहून आलेल्या एका आजींनी शिकवलं. मुलगा, सून, नातवंडं धबधब्यात मनसोक्त नाचली होती, आजी गाडीतून उतरल्याच नव्हत्या. वखारीपाशीही काच खाली करून नुसत्या बघत होत्या. बंदरावर गाडी लावली तशा स्वतःहून दार उघडून उतरल्या, पदर डोक्यावर घेतला आणि त्या पावसाच्या झिमझिमीत धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेल्या. मी छत्री घेऊन मागे. माहेर आमच्याच मुलखातलं, तोवर माझ्याशी बेळगावी मराठीत बोलत होत्या त्या इथे एकदम मालवणीवर आल्या. "हयसूनच मी बोटीत चडलंय. लगीन झाल्यार म्हयन्यान."

मी विचारलं, बोट धक्क्याला लागायची का? त्या हसल्या. "धक्क्याक खंय? बोट थंय, लांब. पडावात बसान जावक लागायचा." हाताने दाखवलं ती जागा आता नुसतं राखाडी पाणी होती. मग त्यांनी सगळं सांगितलं. बोट येणार ती रात्री-अपरात्री, तिचा भोंगा वाजेपर्यंत ट्रंका आणि वळकट्या घेऊन धक्क्यावर बसायचं. पडाव लाटेवर वरखाली होतोय, वरून बोटीतला माणूस हात देतो, लाट वर आली की त्याच क्षणी पाय टाकायचा. त्यांच्या अंगावर नऊवारी, हातात सासूने दिलेली लोणच्याची बरणी. बरणी आधी वर दिली, मग त्या. बोटीत सगळे ओकतायत आणि ही सतरा-अठराची पोर बरणी मांडीवर घेऊन बसलेली, मुंबईत भाऊच्या धक्क्यावर उतरेपर्यंत. "बरणी फुटली असती तर सासूने काय म्हटलं असतं?" नातीने विचारलं. आजी म्हणाल्या, "सासू गावाक होती. पण घोवान म्हटला असता."

मी विचारलं, पावसात काय करायचात तुम्ही? "पावसात बोट बंद. जून लागलो की मुंबय आनी गाव, मदी कायच नाय. पत्र येयपर्यंत कोण मेला, कोण जगला, ठावक नाय." मुलगा बेळगावात वाढलेला, पन्नाशीचा. त्याने हे कधी ऐकलं नव्हतं. तो मोबाइल काढून रेकॉर्ड करायला लागला तशा आजी गप्प झाल्या आणि चहा कुठे मिळेल विचारू लागल्या.

त्यानंतर बंदरावर मी माझी माहिती आखडती घेतो. गाडीत साठीच्या पुढचं कोणी असेल तर आधी त्यांना विचारतो, बोटीने कधी गेला होतात का? या पट्ट्यातल्या दर दोन-तीन घरांत एक तरी होकार निघतो. मग माझं काम छत्री धरण्यापुरतं. खासगी भाड्याचा फायदा असलाच तर हा. बसच्या सहलीत वेंगुर्ल्याला वीस मिनिटं असतात. इथे आजींसाठी तास गेला, शिरोडा राहून गेला, आणि मागच्या सीटवरून कोणी तक्रार केली नाही.

शिरोडा, रेडी मी उजेड असेल तर करतो, नसेल तर सोडून देतो. शिरोड्याची मिठागरं पावसात नुसती तळी दिसतात. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात इथे लाठ्या खाल्लेली माणसं होती हे पाण्याकडे बघून कळत नाही, एप्रिल-मेमध्ये मिठाचे ढीग बघताना कळतं. मराठी वाचणारी पार्टी असेल तर वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या गावात शिक्षक होते एवढं सांगतो. त्यावर निम्मे "हो का?" म्हणतात आणि उरलेले शाळा कुठे आहे ते विचारतात. रेडीचा यशवंतगड चांगला आहे, पण ओल्या चिऱ्यावर चपला घालून येणाऱ्यांना मी तिथे नेत नाही.

आजींच्या घरच्यांना त्याच रात्री बेळगावला परतायचं होतं. रात्री पावसात घाट चढायला माझी तयारी नसते, हे भाडं ठरवतानाच बोललेलो असतो. म्हणून बंदरावरून निघताना मी घाई केली. तरीही आजींनी बाजारात गाडी थांबवलीच. सुक्या मासळीवाल्या दोघी दुकानाच्या पागोळीखाली फळ्या टाकून बसल्या होत्या. सुके बांगडे, गोलमो, सुकी कोलंबी, सगळं प्लास्टिकखाली. आजींनी भाव पाडायला सुरुवात केली, सुनेने नाकाला रुमाल लावला आणि मी मनात हिशेब केला की उद्या मोपाचं भाडं आहे आणि वास दोन दिवस जात नाही.

"गाडीत नको," मी म्हटलं.

मासळीवाली माझ्याकडे बघून म्हणाली, "ओ ड्रायव्हर, बेळगावाक आमची मासळी कधीपासून जाता म्हायत हा? वास येवचो नाय, घट बांदून देतंय."

आंबोली घाटाचा इतिहास सकाळपासून मीच सांगत आलो होतो, त्यामुळे काही बोलायला तोंड उरलं नाही. तिने बांगडे पेपरात गुंडाळले, वर पिशवी, पिशवीवर दुसरी पिशवी. मी तिसरी माझ्याकडची दिली आणि डिकीत टॉवेलांच्या खाली ठेवली. सावंतवाडी ओलांडून दाणोलीपर्यंत कोणाला काही जाणवलं नाही. घाट लागला, काचांवर वाफ धरली, मी एसी लावला, आणि मागच्या सीटवरून नातवाने विचारलं, "काका, कसला वास येतोय?"

"बंदराचा," आजी म्हणाल्या. सुनेने काच चार बोटं खाली केली.

दुसऱ्या दिवशी मोपाच्या पार्टीला मी उदबत्ती लावून नेलं. आता डिकीत झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा कायम असतो आणि भाडं ठरवताना त्याचे पैसे मी वेगळे लावत नाही.